स्कॉच-आयरिश घराण्याचा माग: आधी काउंटी, मग समुद्र

अमेरिकेतल्या कितीतरी घरांत पूर्वजांबद्दल एवढीच एक ओळ उरलेली असते: "आपले मूळ पुरुष आयर्लंडहून आले, पण ते आयरिश नव्हते." मुख्यतः स्कॉटलंडहून आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात आणि तिथून अमेरिकेला गेलेल्या अशा घराण्यांना स्कॉच-आयरिश म्हणतात. आडनाव मॅक्लुअर, कॅल्डवेल, अलेक्झांडर, पॅटरसन असे काहीतरी. अशा घरात लग्न होऊन गेलेली मराठी मुलगी असो किंवा निव्वळ आवडीने या विषयात शिरलेला कुणी असो, नवखा माणूस पहिल्याच दिवशी हे आडनाव आयर्लंडच्या नोंदींत शोधायला घेतो. दहा-बारा जण सापडतात. त्यातला वयाने जुळणारा एक उचलून वंशवृक्षाला जोडला जातो. नेटवर फिरणाऱ्या बऱ्याच वंशवृक्षांची मुळे अशीच लागलेली आहेत. ते वृक्ष एकमेकांशी जुळतात, कागदांशी जुळत नाहीत.

या कामात समुद्र सर्वांत शेवटी ओलांडायचा. त्याआधी अमेरिकेतली प्रत्येक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), जमिनीचा प्रत्येक तुकडा आणि त्या तुकड्याचे शेजारी ओळखीचे व्हायला हवेत. पूर्वजाचे अल्स्टरमधले गाव बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या कागदात नसते, शेजाऱ्याच्या किंवा मेहुण्याच्या कागदात असते.

ही माणसे कोण, कधी आली

१६०६ पासून अँट्रिम आणि डाउन या काउंट्यांत, आणि १६१० च्या सुमारास सरकारी वसाहतीतून अल्स्टरच्या इतर भागांत, स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातली आणि इंग्लंडच्या सीमाभागातली कुटुंबे येऊन राहिली. स्कॉटलंडहून आलेले बहुतेक प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे. शंभर वर्षांनी त्यांचीच नातवंडे-पतवंडे अमेरिकेला निघाली. भाडेपट्टे संपले की जमीनदार खंड वाढवत, पिके बुडत, लिननचा धंदा मधूनमधून बसे, आणि सरकारी चर्चबाहेरच्या लोकांवर कायद्याची बंधने होती. लोक लाटांनी गेले: १७१७-१८, १७२५-२९, १७४०-४१, १७५४-५५ आणि १७७१-७५. तुमचा पूर्वज पहिल्यांदा कोणत्या वर्षी कागदावर दिसतो ते कळले की त्याची लाट साधारण ठरते, आणि लाट ठरली की कोणते दप्तर बघायचे तेही ठरते.

१७१८ चा मोठा जथा बॉस्टनला उतरला. त्यातल्या काहींनी पुढच्या वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये लंडनडेरी वसवले. अघाडोवीचे पाद्री जेम्स मॅक्ग्रेगर त्यांच्याबरोबर होते. पण नंतरच्या बहुतेकांनी डेलावेअरमधले न्यूकॅसल आणि फिलाडेल्फिया ही बंदरे गाठली. कारण व्यापाराचे होते. अल्स्टरला लिननसाठी जवसाचे बी अमेरिकेहून लागे, ते आणणारी जहाजे परतताना माणसे भरून नेत. फिलाडेल्फियाहून ही कुटुंबे पश्चिमेला सस्क्वेहॅना नदीकडे सरकली, तिथून ग्रेट वॅगन रोडने शेनान्डोआ खोऱ्यात, आणि पुढे दोन्ही कॅरोलिनांत. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांचे कागद पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना अशा तीन ठिकाणी विखुरलेले असणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

जहाजाच्या यादीमागे लागू नका

अमेरिकेच्या केंद्र सरकारकडच्या प्रवासी याद्या १८२० पासून सुरू होतात. पेन्सिल्व्हेनियात १७२७ पासून उतरणाऱ्यांच्या याद्या आहेत, पण त्या जर्मन वगैरे परकीयांच्या, कारण त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. अल्स्टरचा माणूस ब्रिटिश राजाचाच प्रजाजन, त्याची नोंद ठेवण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे "अमुक जहाजाने १७३५ साली आले" असे कुठे छापलेले दिसले तर लेखकाला ते कुठे मिळाले हे आधी शोधा.

यादीची उणीव भरून काढणारे थोडे कागद मात्र आहेत आणि ते मोलाचे आहेत. व्हर्जिनियात प्रत्येक आणलेल्या माणसामागे ५० एकर जमिनीचा हक्क मिळे. तो मिळवण्यासाठी १७३९ ते १७४१ या काळात ऑरेंज काउंटीच्या कोर्टात अनेक कुटुंबप्रमुखांनी शपथेवर सांगितले की आम्ही स्वखर्चाने आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत आलो. नोंदीत बायकोचे आणि मुलांचे नाव असते. अख्खे कुटुंब एका ओळीत देणारा असा दुसरा कागद या काळात विरळाच. साउथ कॅरोलिनाने १७६१ च्या कायद्याने प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांचे भाडे दिले, म्हणून १७६३ ते १७७३ च्या कौन्सिलच्या कामकाजात त्यांची नावे आणि मिळालेले एकर आहेत. फिलाडेल्फियात करारबद्ध नोकरांच्या नोंदी १७४५-४६ आणि १७७१-७३ एवढ्याच वर्षांच्या टिकल्या आहेत. एकटा आलेला तरुण बऱ्याचदा चार-पाच वर्षांच्या कराराने आलेला असे. असा नोकर पळाला की मालक पेन्सिल्व्हेनिया गॅझेट या वृत्तपत्रात जाहिरात देई, आणि तिच्यात वय, उंची, कपडे, बोलण्याची ढब, कधी मूळ ठिकाणही येई.

आजपासून १७९० पर्यंत

हा टप्पा तुलनेने सोपा आहे. मृत्युदाखले, विवाहनोंदी, थडगी आणि जनगणना यांच्या आधारे पिढी-पिढीने मागे या. १८५० पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक गुलाम नसलेल्या माणसाचे नाव, वय आणि जन्माचे राज्य आहे. १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची संख्या. व्हर्जिनियाची १७९० ची जनगणना हरवली आहे, तिच्या जागी १७८० च्या दशकातल्या करयाद्या वापरतात.

या टप्प्यावर एक कागद चुकवू नये: अमेरिकेच्या क्रांतियुद्धातल्या सैनिकांचे पेन्शनअर्ज, विशेषतः १८३२ च्या कायद्याखालचे. अर्जदाराला कोर्टात सांगावे लागे की तो कुठे आणि कधी जन्मला, भरती झाला तेव्हा कुठे राहत होता, आणि त्यानंतर कुठे कुठे राहिला. सत्तर-ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडून लँकेस्टर काउंटी ते टेनेसी असा पूर्ण मार्ग मिळतो. तुमच्या पूर्वजाने अर्ज केला नसला तरी भावाचा, शेजाऱ्याचा किंवा त्याच लष्करी तुकडीतल्या माणसाचा अर्ज वाचा.

काउंटी कधी जन्मली ते आधी पाहा

नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथे वाया जातो. माणूस एकाच शेतावर चाळीस वर्षे राहिला तरी त्याचे कागद चार काउंट्यांत असू शकतात, कारण शेताभोवतीची काउंटी बदलत गेली. पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटी १७२९ साली चेस्टरमधून निघाली. लँकेस्टरमधून १७४९ साली यॉर्क आणि १७५० साली कंबरलंड. कंबरलंडमधून पुढे बेडफर्ड १७७१, फ्रँकलिन १७८४. लँकेस्टरमधून डॉफिन १७८५. म्हणजे आज डॉफिन काउंटीत असलेल्या पॅक्स्टन किंवा डेरीतल्या माणसाचे १७६० चे मृत्युपत्र लँकेस्टरला शोधायचे आणि १७२५ चा कर चेस्टरला.

व्हर्जिनियात ऑगस्टा काउंटी कागदावर १७३८ साली झाली, पण तिचे कोर्ट १७४५ साली बसले. मधल्या सात वर्षांचे दस्त ऑरेंज काउंटीत. नॉर्थ कॅरोलिनात अॅन्सन १७५०, त्यातून रोवन १७५३ आणि मेक्लनबर्ग १७६२. त्यातही कॅरोलिनांची हद्द १७६४ आणि १७७२ च्या मोजण्यांपर्यंत पक्की नव्हती. वॅक्सहॉ भागात आणि आजच्या साउथ कॅरोलिनाच्या यॉर्क काउंटीत राहणाऱ्यांच्या जमिनी अॅन्सन, मेक्लनबर्ग किंवा ट्रायॉनच्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाच्या दप्तरात सापडतात.

एका कोऱ्या कागदावर पूर्वजाचे शेत, डावीकडे वर्षे आणि उजवीकडे त्या वर्षी लागू असलेली काउंटी असा तक्ता करा. तो झाल्याशिवाय एकही नाव शोधू नका.

जमीन: खरे काम इथे आहे

जन्म-विवाहाच्या सरकारी नोंदी नाहीत, चर्चच्या वह्या हरवलेल्या. पण जमीन घेतली तर कागद झालाच. त्यामुळे या शोधाचा कणा म्हणजे जमिनीचे दस्त.

पेन्सिल्व्हेनियात वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याकडून जमीन घेण्याचे टप्पे असे: अर्ज, वॉरंट म्हणजे मोजणीचा हुकूम, मोजणी, मोजणीचा अहवाल, आणि शेवटी पेटंट म्हणजे पक्की सनद. १७३२ पासून दर १०० एकराला १५ पौंड १० शिलिंग आणि वर साऱ्याचा अर्धा पेनी दर एकरी होता. नव्याने आलेल्या कुटुंबाला तो परवडत नसे. म्हणून लोक आधी झोपडी बांधून नांगरणी सुरू करत, वॉरंट दहा वर्षांनी काढत आणि पेटंट मुलगा किंवा नातू काढी. वॉरंटची तारीख ही आगमनाची तारीख धरणे ही फार मोठी चूक आहे. वॉरंटवर "सुधारणा अमुक वर्षापासून" किंवा व्याज अमुक तारखेपासून असे लिहिलेले असेल तर ती तारीख वस्तीच्या जवळची. सस्क्वेहॅनाच्या पश्चिमेला १७३४ ते १७३७ या काळात सॅम्युअल ब्लनस्टनने दिलेले परवाने वॉरंटच्याही आधीचे आहेत. कंबरलंड खोऱ्यातल्या पहिल्या कुटुंबांसाठी ते जरूर बघा.

पेन्सिल्व्हेनिया राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर वॉरंट रजिस्टर मोफत आहेत. ती काउंटीवार असतात, आत आद्याक्षराप्रमाणे आणि त्याखाली तारखेप्रमाणे. एका ओळीत वॉरंट घेणाऱ्याचे नाव, एकर, तारीख, अहवालाची तारीख, पेटंट घेणाऱ्याचे नाव, आणि मोजणी व पेटंट कोणत्या वहीत कोणत्या पानावर ते मिळते. वॉरंट एकाचे आणि पेटंट दुसऱ्याचे असेल तर पेटंटचा मजकूर पूर्ण वाचा. मधले व्यवहार काउंटीत नोंदवलेलेच नसतात, पण पेटंटमध्ये "अमुक मेला, त्याच्या मृत्युपत्राने मुलगा तमुक, त्याने विकली याला" अशी साखळी उतरवलेली असते. आपल्याकडच्या फेरफार नोंदीसारखीच ही साखळी, आणि तिच्यात दोन-तीन पिढ्या एका परिच्छेदात मिळून जातात.

मोजणीचा नकाशा मिळाला की चतुःसीमा उतरवून घ्या. शेजारच्या प्रत्येक मालकाचे नाव हे तुमच्यासाठी नवे धागे आहेत. व्हर्जिनिया आणि कॅरोलिनात मोजणी "पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पूर्व ११० पोल" अशा ओळींत असते. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे साधारण ५.०३ मीटर, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. अमेरिकी सर्वेक्षणाच्या १:२४,००० नकाशावर १०० पोल म्हणजे सुमारे २.१ सेंटिमीटर. या प्रमाणात पारदर्शक कागदावर कोनमापकाने तुकडा काढा आणि नकाशावर ओढ्याच्या वळणाशी जुळवत सरकवा. दोन-तीन अंशांचा फरक येईल, कारण जुने होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवत. तुकडा शेवटी बंद होत नसेल तर बहुधा नकलेत एखादी ओळ गळली आहे किंवा पूर्व-पश्चिम उलटसुलट झाले आहे. मूळ मोजणी मागवा. सहा-सात शेजाऱ्यांचे तुकडे असे एकमेकांना भिडवले की अख्खी वस्ती डोळ्यासमोर उभी राहते, आणि कोणता जॉन कोणत्या ओढ्यावर राहत होता ते पक्के होते.

व्हर्जिनियात ऑगस्टाच्या बऱ्याच कुटुंबांनी सरकारकडून जमीन घेतलीच नाही. विल्यम बेव्हर्लीला १७३६ साली मिळालेल्या १,१८,४९१ एकरांतून किंवा त्याच्या दक्षिणेला बेंजामिन बोर्डनच्या मोठ्या मुलखातून त्यांनी विकत घेतली. म्हणून सनदांच्या यादीत नाव नाही याचा अर्थ जमीन नव्हती असा होत नाही. खरेदीखतांच्या वह्या पाहा. तिथे लागोपाठच्या दोन तारखांचे दोन दस्त दिसतील, पहिला पाच शिलिंगचा "लीज" आणि दुसरा मोठ्या रकमेचा "रिलीज". तो भाडेपट्टा नव्हे, एकाच विक्रीचे दोन कागद आहेत. किंमत दुसऱ्यात असते. विक्रीच्या खतावर बायकोची सही किंवा तिचा वेगळा जबाब आहे का ते टिपा. खरेदीच्या वेळी एक नाव आणि विक्रीच्या वेळी दुसरे असेल तर मधे दुसरे लग्न झाले आहे, आणि मुले कोणत्या बायकोची हा प्रश्न तिथून सुरू होतो.

नॉर्थ कॅरोलिनाचा उत्तर अर्धा भाग लॉर्ड ग्रॅनव्हिलच्या मालकीचा होता. त्याच्या कचेरीतून १७४८ ते १७६३ पर्यंत जमिनी दिल्या गेल्या. तो वारला, कचेरी बंद पडली, आणि नवी सरकारी नोंद १७७८ सालीच सुरू झाली. या पंधरा वर्षांत आलेली कुटुंबे तिथे कागदाशिवाय राहिली. त्यांना करयाद्यांत आणि कोर्टाच्या वह्यांत शोधा. कॅरोलिनाच्या मोजणीच्या नकाशाखाली साखळी धरणाऱ्या दोघांची नावे असतात. ही कामे बहुतेकदा मुलगा, जावई किंवा बांधाला बांध असलेला शेजारी करी. ही नावे सोडू नका.

मृत्युपत्रे आणि वाटण्या

मृत्युपत्र मिळाले की सर्व मुले मिळाली असे नवख्याला वाटते. ज्याला बापाने हयातीतच शेत दिले त्याचे नाव कधी नसते, कधी "पाच शिलिंग" एवढ्यावर त्याची बोळवण होते. ते वारसाहक्क तोडणे नव्हे, वाटा आधीच दिल्याची खूण आहे. "सन-इन-लॉ" हा शब्द सावत्र मुलासाठीही वापरत आणि "कझिन" पुतण्यासाठीही. एकाच गावात थोरला आणि धाकटा जॉन असले तर "सीनिअर" आणि "ज्युनिअर" लावत. ते बापलेकच असतील असे नाही, आणि सीनिअर मेला की ज्युनिअरच सीनिअर होतो.

मृत्युपत्र नसताना मेलेल्याचे कागद तर अधिक बोलके असतात. पेन्सिल्व्हेनियात १७९४ पर्यंत थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे. म्हणजे सात मुले असतील तर विधवेचा तिसरा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्याचे आठ भाग, थोरल्याचे दोन. म्हणून पुढे कुणी "माझा एक अष्टमांश हिस्सा" विकताना दिसला तर सात वारस होते हे गणित करता येते, जरी चारच नावे ठाऊक असली तरी. व्हर्जिनियात १७८५ चा कायदा येईपर्यंत मृत्युपत्राविना मेलेल्याची सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. त्यामुळे तिथे जमीन विकणाऱ्याला ती कुठून आली याचा कागदच नसेल तर तो मागच्या मालकाचा थोरला मुलगा असण्याची शक्यता धरा आणि पुढचा पुरावा शोधा.

पेन्सिल्व्हेनियाच्या ऑर्फन्स कोर्टात पोरक्या मुलांचे पालक नेमले जात. १४ वर्षांवरचे मूल स्वतः पालक निवडू शके, त्याखालच्यांना कोर्ट नेमून देई. त्यावरून वय काढता येते. मृताच्या मालमत्तेच्या कारभारासाठी दिलेल्या जामिनांवर सह्या करणारे दोघे बहुधा विधवेच्या माहेरचे. सासरचे आडनाव माहीत आणि माहेरचे नाही, या सर्वांत चिवट अडचणीचे उत्तर इथे मिळण्याची शक्यता मोठी.

करयाद्या

या कंटाळवाण्या वाटतात, पण वर्षानुवर्षे ओळीने पाहिल्या तर वय सांगतात. पेन्सिल्व्हेनियात बिनलग्नाच्या सज्ञान पुरुषांची यादी वेगळी असे. एखादा १७५७ साली त्या यादीत पहिल्यांदा दिसला आणि १७६१ साली मुख्य यादीत आला, तर तो साधारण १७३६ च्या आसपास जन्मला आणि मधे त्याचे लग्न झाले. व्हर्जिनियात १६ वर्षांवरचे पुरुष मोजत. बापाच्या घरातला आकडा एकाने वाढला की एक मुलगा सोळाचा झाला. नाव एकाएकी नाहीसे झाले तर मृत्यू किंवा स्थलांतर. त्याच वर्षी आणखी कोण नाहीसे झाले ते पाहा, कारण ही मंडळी एकटी हलत नसत.

चर्च

प्रेस्बिटेरियन चर्चची बाप्तिस्म्याची वही बऱ्याचदा पाद्र्याची खासगी मालमत्ता असे. तो बदलला किंवा मेला की वही त्याच्या घरी गेली आणि संपली. टिकलेल्यांपैकी पाद्री जॉन क्रेगची १७४० ते १७४९ ची वही ऑगस्टातल्या पहिल्या कुटुंबांसाठी अमूल्य आहे. जॉन कथबर्टसन हा कव्हनंटर या प्रेस्बिटेरियन उपपंथाचा पाद्री १७५१ पासून चाळीस वर्षे घोड्यावरून वस्त्या फिरला. त्याच्या रोजनिशीत बाप्तिस्मे, लग्ने आणि कुणाच्या घरी मुक्काम केला ते आहे. फिलाडेल्फियाची प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी ही या वह्यांची मुख्य जागा.

तुमचे घराणे कोणत्या पंथाचे ते ठरवा. १७४१ ते १७५८ या काळात ओल्ड साइड आणि न्यू साइड अशी फूट होती, शिवाय सिसीडर आणि कव्हनंटर हे प्रेस्बिटेरियनांतले आणखी वेगळे गट. एकाच ओढ्यावर दोन चर्चे असत आणि सोयरिकी बहुधा आपल्याच चर्चमध्ये होत. थडग्यांबाबत सावध राहा. पहिल्या पिढीच्या थडग्यांवर बऱ्याचदा अक्षर नसलेला रानदगडच होता. आज तिथे दिसणारा गुळगुळीत दगड आणि त्यावरच्या तारखा पुढच्या पिढ्यांनी घातलेल्या असू शकतात.

तारखा, अक्षर आणि नावे

१७५२ पर्यंत इंग्लंड, आयर्लंड आणि अमेरिकी वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला लागे. १० मार्च १७४१ ही नोंद आजच्या हिशेबाने १७४२ ची. हे विसरले की मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्मल्याचे दिसते. तारीख "१७४१/४२" अशीच ठेवा.

जुन्या लिखाणात जोड "एस" मधला पहिला "एफ"सारखा दिसतो, म्हणून सूचीत रॉसचा रॉफ्स होतो. कॅल्डवेल आणि कॉलवेल, किर्कपॅट्रिक आणि किलपॅट्रिक, ह्यूस्टन आणि हस्टन हे एकच घर असू शकते. "मॅक" कधी गळतो, कधी नव्याने लागतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाच्या मोफत मजकूर-शोधात हस्ताक्षरातले दस्तही आता शब्दाने शोधता येतात. तिथे फक्त पूर्वजाचे नाव टाकू नका. ओढ्याचे नाव आणि शेजाऱ्याचे आडनाव मिळून शोधा.

नामकरणाचा एक रिवाज सांगितला जातो: थोरला मुलगा बापाच्या बापावरून, दुसरा आईच्या बापावरून, तिसरा बापावरून, थोरली मुलगी आईच्या आईवरून, दुसरी बापाच्या आईवरून. तो सरसकट पाळला जात नसे. त्याचा उपयोग कुठे शोधायचे ते सुचण्यापुरता करा, पुरावा म्हणून नको.

ऑगस्टात एकाच काळी अनेक जॉन कॅम्पबेल होते. त्यांना वेगळे करण्यासाठी प्रत्येक कागदावरून पाच गोष्टी तक्त्यात लिहा: ओढा, बायकोचे नाव, सही की अंगठ्याऐवजी काढलेली खूण, धंदा, साक्षीदार. सही करणारा आणि खूण काढणारा हे सहसा दोन वेगळे जॉन असतात. एक इशारा: वहीतली नक्कल कारकुनाच्या हातची असते, तिच्यातली सही खरी सही नव्हे. ऑगस्टाच्या कोर्टाचे तीन खंडी छापील उतारे फार वापरले जातात. ते उतारे आहेत, पूर्ण कागद नव्हेत, आणि त्यात चुका व गाळलेल्या नोंदी आहेत. त्यांचा उपयोग मूळ पान शोधण्यासाठी करा. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने ऑगस्टाचे चॅन्सरी दावे नेटवर ठेवले आहेत, आणि वारसांच्या भांडणात साक्षीदार घराण्याची हकिकत शपथेवर सांगतात.

आता अल्स्टर

इथवर आल्यावर हातात निदान आयर्लंडमधली काउंटी, शक्यतो चर्च किंवा टाउनलँड (आयर्लंडमधला जमिनीचा सर्वांत लहान विभाग) हवी. आयर्लंडमध्ये साठ हजारांवर टाउनलँड आहेत. नुसत्या आडनावाने तिथे काही हाती लागत नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या टाउनशिपची डोनेगल, डेरी, लेटरकेनी, ड्रुमोर ही नावे वस्तीबद्दल सांगतात, त्यातल्या एका कुटुंबाबद्दल नाही.

सर्वांत चांगली वाट म्हणजे पाद्र्याची. १७६४ साली थॉमस क्लार्क हा पाद्री मोनाहन काउंटीतल्या कहान्स मंडळीचे सुमारे तीनशे लोक घेऊन न्यूरीहून निघाला; मंडळी न्यूयॉर्कमधल्या सेलमला आणि पुढे काही साउथ कॅरोलिनाच्या लाँग केन्सला गेली. कहान्सच्या सेशनची, म्हणजे चर्चच्या कारभारी सभेची, १७५१ पासूनची वही टिकली आहे. १७७२ साली पाद्री विल्यम मार्टिनबरोबर पाच जहाजे साउथ कॅरोलिनाला आली. तुमचे शेजारी अशा जथ्यातले निघाले तर शोधाचे क्षेत्र एका मंडळीएवढे आकुंचते.

डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी स्फोटात आणि आगीत गेले. तरी १६३० च्या सुमाराची हजेरीपत्रके, १६६० च्या दशकातल्या चूलकराच्या याद्या, १७४० ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी आणि १७६६ ची धर्मवार गणना यांचे काही भाग नकलांतून उरले आहेत. या याद्यांत नाव आणि पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग) यापलीकडे फारसे काही नसते. नाते त्या सांगत नाहीत. आडनाव कुठे दाट होते एवढे सांगतात. नाते हवे असेल तर बेलफास्टच्या प्रोनी या अभिलेखागारातली जमीनदारांची दप्तरे बघा. खंडाच्या वह्यांत कूळ कधी गेले ते कळते, आणि "तीन जीवांच्या", म्हणजे नावे दिलेल्या तिघांपैकी शेवटचा मरेपर्यंत चालणाऱ्या, भाडेपट्ट्यात कुळाबरोबर बऱ्याचदा मुलांची नावे व वये असतात. स्ट्रॅबेनकडच्या अॅबरकॉर्न जहागिरीच्या पत्रव्यवहारात तर अमेरिकेला निघालेल्या कुळांचा उल्लेख कारभारी करतो. डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स १७०८ पासून अखंड आहे. गरीब कुळे तिथे कमी, पण तुमच्या कुळाचा वरचा पट्टेदार तिथे सापडतो आणि त्यावरून जहागीर कळते.

डीएनए कुठवर उपयोगी

सातव्या-आठव्या पिढीच्या पूर्वजाचा अंश एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली येतो आणि कधी काहीच उरत नाही, म्हणून सर्वसाधारण चाचणी इथे दुबळी पडते. आडनाव चालवणाऱ्या पुरुष वंशजाची वाय-डीएनए चाचणी (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची) कामाची, निदान ३७ मार्करची, शक्यतो त्याहून मोठी. एकाच माणसाने चाचणी करून भागत नाही. कागदाने पक्क्या झालेल्या दोन वेगवेगळ्या मुलांच्या शाखांतून एकेक पुरुष हवा. दोघे जुळले तर मूळ पुरुषाची ओळख ठरते आणि मग अल्स्टर किंवा स्कॉटलंडमधल्या जुळणाऱ्यांना अर्थ येतो. चाचणीत एम२२२ हा वाय-डीएनएचा गट आला म्हणून घराणे मूळचे आयरिश असे ठरवू नका, तो वायव्य आयर्लंडात तसा स्कॉटलंडच्या सखल भागातही आहे.

वंशवृक्षात शेवटची पिढी लिहिताना नावाखाली तीन ओळी द्या: कोणत्या कागदावरून, कोणते पान, आणि कोणता विरोधी पुरावा तपासला. ज्या वहीत नाव मिळाले नाही तीही वर्षांसह नोंदवा आणि वही अपुरी आहे का ते लिहा. अल्स्टरचे गाव शेजाऱ्यांवरून अंदाजाने आले असेल तर त्यापुढे "बहुधा" लिहा, आणि ज्या शेजाऱ्यावरून ते आले त्याचे नाव तिथेच ठेवा.